हैदराबादचा तो चष्म्याचा सिनेमा

गेल्या रमजान ईदला आम्ही चारही भावंडं बऱ्याच वर्षांनी पेडगावच्या घरी एकत्र होतो. तारीख होती ३१ मार्च २०२५. सकाळी नमाज झाली, गळाभेटी झाल्या, शीरखुर्म्याचं पातेलं रिकामं झालं. दुपारी ऊन चढलं तशी सगळी मंडळी आतल्या खोलीत कूलरसमोर येऊन पडली. पोरं मोबाईलमध्ये आणि आम्ही गप्पांत. तेवढ्यात नववीतला भाचा म्हणाला, ‘‘डिसेंबरात मोहनलालचा ‘बरोझ’ आला होता, थ्रीडी. परीक्षेमुळे राहून गेला. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?’’

‘‘नव्हतं कसं?’’ आपा उठून बसली. ‘‘चाळीस वर्षांपूर्वी आम्ही चष्मा लावून सिनेमा पाहिलाय. तुझी खाला पडद्यातलं आइस्क्रीम धरायला खुर्चीवर उभी राहिली होती!’’

पोरांना ते पटेना. मग त्यांनी विचारलं, सिनेमाचं नाव काय? आणि आमची बोलती बंद झाली. नाव कुणालाच आठवेना. इतकंच काय, गोष्टही प्रत्येकाची वेगळी निघाली.

एक सिनेमा, चार आठवणी

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी घरांची एक तरी फुप्पी, एक तरी चाचा आजही हैदराबादेत असतो. आमची फुप्पी याकूतपुऱ्यात राहायची. १९८५ किंवा ८६ ची मे महिन्याची सुट्टी असेल. अब्बांनी एकाएकी जाहीर केलं की सगळ्यांनी फुप्पीकडे जायचं. तेव्हा आपल्याकडे मीटरगेजची गाडी होती. पेडगाव स्टेशनवर पॅसेंजर धरायची, परभणीला उतरायचं, मग पूर्णा, नांदेड, निजामाबाद करत काचीगुड्याला पोहोचायचं. खिडकीतून आलेल्या कोळशाच्या कणांनी डोळे लाल झालेले आणि अम्मीने बांधून दिलेल्या रोट्या अर्ध्या वाटेतच संपलेल्या. त्या वेळी आपा तेरा वर्षांची, भाईजान अकराचा, मधली सात वर्षांची. धाकटा जन्मलाच नव्हता.

तिथे एका संध्याकाळी अब्बा आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. गावी दादी सिनेमाचं नाव काढू देत नसत, म्हणून हे त्यांना सांगायचं नाही असं ठरलं. दाराशी प्रत्येकाच्या हातात एक चष्मा दिला.

आपाला आठवतं ते असं : सिनेमा सुरू होण्याआधी एक मिशीवाला हिरो पडद्यावर आला, तसाच चष्मा दाखवून काहीतरी बोलला, आणि सगळ्या थिएटरात शिट्ट्या पडल्या. पुढे काही मुलं खोलीच्या भिंतीवर चढली आणि पाल चालावी तशी छतावरून चालू लागली.

भाईजानला आठवतो एक मांत्रिक आणि त्याच्या कैदेतला एक मुलगा. त्या मुलाला इतर मुलं सोडवतात. मुलगा बाटल्याच्या बाटल्या शरबत पितो. शेवटी तो आपल्या गावी, आपल्या अम्मीकडे जातो.

मधलीला फक्त आइस्क्रीम आठवतं. पडद्यातून हात बाहेर आला, नाकाशी आइस्क्रीमचा कोन आला, तिने हात पुढे केला आणि मुठीत काहीच आलं नाही. ती रडली, एवढं तिला पक्कं ठाऊक आहे.

धाकटा मात्र हसत होता. ‘‘अहो, हा तर ‘छोटा चेतन’! मी १९९८ ला औरंगाबादेत मामूंच्या मुलांबरोबर पाहिलाय. त्यात ऊर्मिला मातोंडकर आहे.’’

‘‘ऊर्मिला?’’ आपा भडकली. ‘‘त्यात कुणीच ऊर्मिला-बिर्मिला नव्हती. तेव्हा तीच शाळेत असेल!’’

ईदच्या दिवशी घरात भांडण नको म्हणून भाच्याने मोबाईल हातात घेतला आणि शोधायला बसला.

दोघंही खरे निघाले

अर्ध्या तासात उलगडा झाला. आपा आणि धाकटा दोघंही खरं बोलत होते.

मूळ सिनेमा मलयाळम. नाव ‘माय डिअर कुट्टिचात्तन’. २४ ऑगस्ट १९८४ रोजी तो केरळात प्रदर्शित झाला. भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट तो हाच. निर्माते नवोदय अप्पच्चन आणि दिग्दर्शक त्यांचेच चिरंजीव जिजो पुन्नूस. पटकथा रघुनाथ पलेरींची, संगीत इळैयाराजांचं, कॅमेरा अशोक कुमारांचा. यातल्या बालकलाकारांना त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. केरळच्या लोककथांत ‘चात्तन’ नावाचा एक खोडकर अदृश्य जीव असतो आणि मांत्रिक त्याला वश करून राबवून घेतात, असं तिकडे सांगतात. ‘कुट्टी’ म्हणजे लहान मूल. हिंदीत आणताना चात्तनचा ‘चेतन’ झाला आणि कुट्टीचा ‘छोटा’.

सिनेमा इतका चालला की तो तमिळ, तेलुगू आणि हिंदीतही आला. पुढे १९९७ मध्ये जुन्या सिनेमात नवे प्रसंग घालून तो नव्याने प्रदर्शित केला गेला. त्यानंतर १९९८ मध्ये हिंदी ‘छोटा चेतन’ पुन्हा आला, तेव्हा त्यात ऊर्मिला मातोंडकरचे नवे प्रसंग होते. म्हणजे धाकट्याने ऊर्मिला पाहिली हे खरं, आणि आपाने पाहिली नाही हेही खरं. एकाच सिनेमाची दोन रूपं, मध्ये तेरा-चौदा वर्षं.

भाच्याला सर्वात मोठा धक्का पुढे बसला. ज्या ‘बरोझ’साठी तो हळहळत होता, तो २५ डिसेंबर २०२४ ला आलेला सिनेमा याच जिजो पुन्नूस यांच्या कथेवर आहे. मामूंची आणि भाच्याची हौस एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली होती.

आणि तो मिशीवाला हिरो? चष्मा एकाच्या डोळ्यावरून दुसऱ्याच्या डोळ्यावर जातो, म्हणून त्यातून डोळे येण्याची साथ पसरते, अशी अफवा त्या काळी उठली होती. लोकांची भीती घालवायला सिनेमाच्या सुरुवातीलाच त्या त्या भाषेतले नामवंत नट येऊन सांगत की प्रत्येक खेळानंतर चष्मे धुऊन निर्जंतुक केले जातात. मलयाळममध्ये प्रेम नझीर, हिंदीत अमिताभ बच्चन आणि जितेंद्र, तमिळमध्ये रजनीकांत. तेलुगूत चिरंजीवी.

भाच्याने चिरंजीवीचा जुना फोटो आपासमोर धरला. ‘‘हाच!’’ आपा म्हणाली.

म्हणजे आम्ही हैदराबादेत पाहिला तो हिंदी ‘छोटा चेतन’ नव्हताच. तो तेलुगू ‘चिन्नारी चेतना’ होता. आम्हा तिघांपैकी एकालाही तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता. आणि तरीही भाईजानला सगळी गोष्ट पाठ होती.

खोली फिरली कशी?

रात्री आम्ही तो सिनेमा टीव्हीला जोडून पाहिला. सगळे बसले, अम्मीसुद्धा पलंगावर उशी टेकून. पहिल्या दहा मिनिटांत पोरं हसायला लागली. ‘‘हे लोक प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यात का खुपसतात?’’ एकाने विचारलं. बरोबरच होतं. चष्म्याशिवाय पाहिला की तो सिनेमा वेडगळ वाटतो. कुणी काठी पुढे करतो, कुणी हात. या सगळ्याला अर्थ होता तो थिएटरच्या अंधारात.

थ्रीडीची युक्ती तशी साधी आहे. आपले दोन डोळे एकमेकांपासून साधारण सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. दोघांना समोरची वस्तू किंचित वेगळी दिसते आणि मेंदू ती दोन चित्रं जोडून खोली मोजतो. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे कळेल. या सिनेमात दोन डोळ्यांची दोन चित्रं एकाच फिल्मवर, एकाखाली एक, घेतलेली होती. प्रोजेक्टरला खास भिंग लावून ती पडद्यावर एकमेकांवर टाकायची. चष्म्याच्या काचा अशा की डाव्या डोळ्याचं चित्र डाव्यालाच दिसावं, उजव्याचं उजव्याला. त्यासाठी थिएटरात चंदेरी पडदा बसवावा लागे, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावरून परतताना दोन्ही चित्रांचा प्रकाश एकमेकांत मिसळून जातो. म्हणून हा सिनेमा गावोगावच्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत कधी येऊ शकला नसता. त्यासाठी शहरच गाठावं लागे.

भिंतीवरून चालण्याची करामत मात्र थ्रीडीची नव्हे. तिथे आख्खी खोलीच लोखंडी सांगाड्यात बसवून गोल फिरवली होती आणि कॅमेरा खोलीलाच जखडलेला होता. खोली फिरली की भिंत खाली येई आणि मुलं नुसती पुढे चालत राहत. कॅमेराही खोलीबरोबर फिरत असल्याने पाहणाऱ्याला वाटे की खोली जागच्या जागी आहे आणि मुलंच छतावर चढली. हॉलिवूडमध्ये १९५१ सालच्या ‘रॉयल वेडिंग’मध्ये फ्रेड अस्टेअरनं याच युक्तीने छतावर नाच केला होता. हे ऐकल्यावर पोरांचं हसणं थांबलं. कॉम्प्युटरशिवाय हे सगळं केलं, याचं त्यांना जास्त कौतुक वाटलं.

शरबत नव्हतं ते

खरा धक्का मात्र आम्हालाच बसायचा होता.

भाईजानच्या आठवणीतला मुलगा शरबत पितो. आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात तेच होतं. लहानपणी दादींकडे रूहअफजा मागताना आम्ही ‘चेतनवाला शरबत’ म्हणायचो, तो शब्द कुठून आला हे दादींना कधी कळलं नाही. आता टीव्हीसमोर बसून पाहिलं, तर तो पोरगा चक्क दारू पीत होता! गोष्टीतल्या मुलीचे वडील दारूच्या नादी लागलेले असतात आणि चेतन दारू पचवू शकतो, म्हणून ती मुलगी वडिलांना वाचवण्यासाठी त्याची मदत घेते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गोष्टीत ते वडील आजारी होते. औषध इतकं कडू की त्यांच्याने पिववत नाही, म्हणून चेतन ते शरबत समजून पिऊन टाकतो. हे आम्हाला अब्बांनी सांगितलं होतं, त्या अंधारात, कानाशी लागून. आम्हाला तेलुगू येत नव्हतं म्हणून अब्बा पूर्ण सिनेमाभर शेजारी बसून दखनीत समजावून सांगत होते. मागच्या रांगेतल्या कुणीतरी दोनदा दटावलंही होतं, हे आपाला आत्ता आठवलं.

सिनेमा संपत आला. मांत्रिकाचा शेवट झाला आणि चेतन मुलांना सोडून निघून गेला. गाव नाही, अम्मी नाही. भाईजान म्हणाला, ‘‘पण अब्बा तर म्हणाले होते की तो आपल्या अम्मीकडे गेला.’’

मधली म्हणाली, ‘‘दारूचं त्यांनी मुद्दाम लपवलं असेल, ते समजू शकतं. पण शेवट का बदलला? अब्बांना तेलुगू नीट येत नव्हतं का?’’

इतका वेळ गप्प असलेली अम्मी हसायला लागली. ‘‘नीट? उनकू तेलुगू आतीच कां थी रे! ‘नमस्कारम्’के आगे एक लफ्ज नै आता था.’’

खोलीत शांतता. म्हणजे दीड तास अब्बा आम्हाला जे समजावत होते, ते सगळं त्यांनी जागच्या जागी रचलेलं होतं. चित्र पडद्यावरचं आणि गोष्ट अब्बांची.

अम्मीने सांगितलेलं

त्या साली कापूस हातचा गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. हैदराबादला आपण सुट्टीला गेलो होतो, एवढंच आजवर माहीत होतं. अम्मीने त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं की ती सुट्टी नव्हती. फुप्पीच्या घरापासून जवळच ओळखीच्या एका माणसाचं वर्कशॉप होतं. तिथे भाईजानला ठेवायचं ठरलं होतं. राहणं-खाणं त्यांच्याकडे, काम शिकेल, दोन पैसे घरी येतील आणि खाणारं एक तोंड कमी होईल. बोलणी पक्की झाली होती. पोराला एकट्याला सोडून आलो तर तो घाबरेल, म्हणून सगळ्यांना बरोबर न्यायचं आणि परतताना चौघांनीच निघायचं, असा बेत होता.

आज हे ऐकताना कुणी अब्बांना बोल लावू नये. त्या काळी अकरा वर्षांचा मुलगा हॉटेलात, गॅरेजात, विडीच्या कारखान्यात कामाला असणं कुणाला वावगं वाटत नसे. बालमजुरी प्रतिबंध व नियमन कायदा आला तोच १९८६ साली, आणि त्यानेही फक्त ठरावीक धोक्याच्या कामांवरच बंदी घातली होती. चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवायला मनाई व्हायला २०१६ ची दुरुस्ती यावी लागली. आपल्या मराठवाड्यातल्या किती घरांतून पोरं अशी हैदराबाद-मुंबईला गेली, हे प्रत्येक घराला आपापलं ठाऊक आहे.

‘‘सिनेमाहून आल्यावर ते जेवले नाहीत,’’ अम्मी म्हणाली. ‘‘फुप्पीला म्हणाले, पोट बरं नाही. फजरला उठले, स्टेशनवर गेले आणि पाच तिकिटं घेऊन आले. मी विचारलं, पाच कशी? तर म्हणाले, सामान बांध.’’

‘‘सिनेमामुळेच ना?’’ आपाने विचारलं.

‘‘अल्लाह जाने,’’ अम्मी म्हणाली. ‘‘मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर दादींची हसली गहाण टाकली आणि ते वर्ष काढलं.’’

भाईजान काही बोलला नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बाहेर ओट्यावर गेला आणि बराच वेळ आला नाही. तो पुढे शिकला, परभणीत नोकरीला लागला, त्याचीच मुलं त्या रात्री आमच्याबरोबर सिनेमा पाहत होती. ज्या माणसाला आपला मुलगा दुसऱ्याच्या ताब्यात देऊन यायचं होतं, तो अंधारात त्याच मुलाच्या कानात कैदी पोराच्या सुटकेची गोष्ट सांगत होता. पडद्यावर शेवट तसा नव्हता, तर त्याने तो स्वतः लावला : पोरगं आपल्या गावी, आपल्या अम्मीकडे गेलं. अब्बांच्या मनात तेव्हा नेमकं काय चाललं होतं, ते सांगायला आज ते नाहीत. त्यांच्या इंतकालाला अकरा वर्षं झाली. आम्ही त्यावर आमच्याकडून काही जोडणार नाही. पाच तिकिटं आली होती, एवढं खरं.

मुलांच्या शेजारी

असल्या सिनेमात जादूटोणा, दारू, भूतपिशाच्च असतं, ते मुलांना दाखवावं का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच आणि तो रास्त आहे. आमच्या घरीही त्या रात्री निघाला. धाकट्याच्या बायकोने सातवीतल्या मुलीला मध्येच झोपायला पाठवावं की काय, असं विचारलं. अम्मी म्हणाली, ‘‘बसू दे. पण तू तिच्याजवळ बस.’’

आम्हाला यात सगळं उत्तर सापडतं. मुलांना सिनेमा एकट्याने दिला, की त्यात जे आहे तेच ते घेतात. शेजारी कुणी मोठं माणूस बसून बोलत असेल, तर पडद्यावरचं निम्मं विसरलं जातं आणि कानातलं राहतं. आम्ही चाळीस वर्षं ज्याला सिनेमा समजत होतो, त्यात कैद्याला सोडवणं होतं, आजारी बापाची काळजी होती, घरी परतणं होतं. गुलामाला आझाद करणं किती मोठ्या सवाबाचं काम, हे मदरशात शिकण्याआधी आम्ही तिथे शिकलो. पडद्यावरच्या भुताटकीचं भय आमच्या वाट्याला आलंच नाही. आज प्रत्येक मुलाच्या हातात वेगळा पडदा आणि कानात वेगळी वायर. शेजारी बसायला जागाच उरलेली नाही, हे आमच्याही घरचं खरं आहे.

आणखी एक. तुमच्याही घरात असा एखादा अर्धवट आठवणारा सिनेमा, एखादं नाटक, एखादी रेडिओवरची गोष्ट असेल. ती शोधणं आता सोपं झालं आहे. मोबाईल नाव सांगतो, साल सांगतो, नटाचा फोटो दाखवतो. पण त्या संध्याकाळी घरात काय चाललं होतं, हे तो सांगत नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागतं आणि वेळेत विचारावं लागतं. अब्बा असताना आम्ही कधी विचारलं नाही. अम्मीला तरी विचारायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पांगण्याआधी भाईजानची धाकटी मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसली. रात्री ती सिनेमा संपायच्या आतच झोपली होती. ‘‘अब्बा, चेतनची गोष्ट सांगा,’’ म्हणाली. भाईजानने सुरुवात केली. मांत्रिक आला, कैदी मुलगा आला, बाटल्या आल्या.

‘‘मोठ्या अब्बांच्या गोष्टीत ते शरबत होतं,’’ मागून भाचा ओरडला, ‘‘सिनेमात दारू होती!’’

‘‘शरबतच होतं,’’ भाईजान म्हणाला आणि पुढची गोष्ट सांगू लागला.